‘मी खेळत नाही, फक्त लिंक टाकणार आहे’

‘मी स्वतः एक रुपया लावत नाही, फक्त लिंक टाकणार. त्यात काय बिघडलं?’ बेटिंग अॅपचं अॅफिलिएट, म्हणजे लिंकवरून माणसं आणून देऊन कमिशन घेणारा, होऊ पाहणारी मुलं समुपदेशनाला आली की हे वाक्य हमखास येतं. घरी त्यावरून खटके उडालेले असतात आणि मनात धाकधूकही असते.

असाच एक तेवीस वर्षांचा मुलगा. टेलिग्रामवर क्रिकेटचा चॅनल, सभासद बहुतेक गावातल्याच क्लबचे. एका बेटिंग अॅपच्या एजंटाने 30 टक्के ‘रेव्हेन्यू शेअर’, म्हणजे लिंकवरून आलेल्यांकडून कंपनीला होणाऱ्या कमाईतला वाटा, देऊ केला होता. सुरुवातीची सत्रं वादातच गेली. पटवून देऊन माणूस बदलत नाही, ज्याचा हिशेब त्यानेच मांडायला हवा, असं मी मानते. म्हणून त्याच्यापुढे कागद ठेवला.

‘खेळणारा 10,000 हरला. तुला किती?’

‘3,000.’

‘करार वाच.’

करारात खेळणाऱ्याला दिलेला बोनस आणि पेमेंटचा खर्च आधी वजा होत होता. 2,000 बोनस, 1,000 खर्च धरला तर उरले 7,000. त्याचे 30 टक्के म्हणजे 2,100. तोच माणूस पुढे जिंकला तर याचं खातं उणे, आणि ती उणे बाकी पुढच्या महिन्यात ओढली जाणार.

‘तुझी लिंक पहिल्यांदा कोण उघडेल?’

‘मावसभाऊ. एक मॅच सोडत नाही तो.’

‘मॅच रंगात आलीय, भावाने पैसे लावलेत. तुला काय व्हायला हवं?’

पेनाचं टोपण काढणं-लावणं बराच वेळ चाललं. मग म्हणाला, ‘मॅडम, तो हरायला हवा.’

हेच मी म्हटलं असतं, तर त्याने पुन्हा वाद घातला असता. स्वतःच्या आकडेमोडीतून आलं म्हणून ते टिकलं. या प्रश्नाला मी आता याच हिशेबाने भिडते, आणि बहुतेक मुलं इथेच थांबतात. कुणी विचारतं, ‘माणशी एकदाच ठरावीक रक्कम घेतली तर?’ ती रक्कम ठरवताना कंपनीने त्या माणसाच्या पुढच्या हरण्याचा अंदाज धरलेलाच असतो.

शिवाय 2025च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात हाही गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळ कौशल्याचा आहे किंवा कंपनी परदेशातली आहे, ही सबब चालत नाही. एजंट अनोळखी खात्यांतून पैसे पाठवतात. त्यातलं एखादं सायबर तक्रारीत अडकलं, तर तुमचंही खातं गोठू शकतं.

लिंक आधीच टाकल्या असतील, तर पिन केलेली पोस्ट, व्हिडिओखालची माहिती, बायो अशा सगळ्या ठिकाणांहून काढा. चॅनल एजंटाला विकू नका. आलेल्या पैशांच्या नोंदी जपून वकिलाला दाखवा.

या मुलाने चॅनल ठेवला. आता तो बॅट, ग्लोव्हज विकणाऱ्या दुकानाच्या लिंक टाकतो, प्रत्येकीखाली ‘जाहिरात’ लिहून. कमाई तुटपुंजी आहे, आणि आईला त्याने ती आहे तशी सांगितली आहे.

तुमच्या लिंकवरून गेलेलं कुणी खेळात अडकलं असेल, तर मेसेजवर न भागवता फोन करा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या.