पाचवा गुण पाचवाच

प्रिय मित्रा,

सप्रेम जय भीम.

तुझे पत्र दोनदा वाचले. वॉर्डातल्या त्या वृद्ध गृहस्थांना तू ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’ (सर्व संस्कार अनित्य आहेत) हे समजावून सांगू लागलास आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले, तेव्हापासून रुग्णांना धीर देण्याच्या या कामाला आपण लायक नाही असे तुला वाटते आहे. आधी पालीचे एम.ए. पुरे करावे असेही तू लिहितोस. पालीचा यात काही दोष नाही. चुकला तो क्रम.

विनयपिटक या भिक्खूंच्या नियमग्रंथातल्या महावग्गात रुग्णसेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषधाची व्यवस्था करता यावी; पथ्य-अपथ्य कळावे; त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी; मलमूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस येऊ नये; आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देता यावा. धम्मकथा पाचवी आहे. तिथेच अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूची हकिकत येते. तुला काय होते आहे, तुझी सेवा करणारे कोणी आहे का आणि इतर भिक्खू ती का करत नाहीत, एवढेच भगवंतांनी त्याला विचारले. मग त्यांनी पाणी ओतले, त्यांचे शिष्य आनंद यांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर ठेवले. उपदेश त्यानंतर झाला, आणि तोही निरोगी भिक्खूंना.

आजारी उपासक अनाथपिंडिकाला भगवंतांचे शिष्य सारिपुत्त यांनी खाटेशी बसून धम्म सांगितला, त्याचा दाखला तू देशील. पण सारिपुत्तांना त्याने स्वतः निरोप पाठवून बोलावले होते, आणि तिथे पोचल्यावर त्यांनी आधी वेदना कमी होते आहे की वाढते आहे हेच विचारले.

हे मला उशिरा कळले. माझ्या थोरल्या भावाच्या शेवटच्या रात्री मी उशाशी महापरित्राणपाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हणायची पाली सुत्ते, म्हणत होतो. दादा पुन्हापुन्हा ओठांकडे बोट नेत होते. ते मला दिसत होते. तरी पाठ मध्येच सोडायचा नाही म्हणून मी थांबलो नाही. शेवटी वहिनींनी उठून ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवला. मला सगळा पाठ मुखोद्गत होता आणि पाण्याची वाटी माझ्या गुडघ्याजवळच होती.

आपल्याकडे बौद्धाचार्य, म्हणजे धम्मविधी करणारे उपासक, घडवताना मंगल परिणयापासून अंत्यविधीपर्यंत सगळे शिकवतात, पण जिवंत रुग्णाच्या खाटेशी कसे बसावे हे सहसा शिकवत नाहीत. अमेरिकेत या शिक्षणाचा एक टप्पा ४०० तासांचा असतो आणि रुग्णाशी झालेले बोलणे शब्दशः लिहून मार्गदर्शकापुढे ठेवावे लागते. जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर तोहोकू विद्यापीठाने धर्मोपदेशकांना असे प्रशिक्षण देणे सुरू केले. तिथे रुग्णाला आपल्या पंथाकडे वळवण्यास मनाई आहे. म्हणजे पाचवा गुण तिथेही पाचवाच.

म्हणूनच पहिले तीन महिने मी प्रशिक्षणार्थींना वॉर्डातल्या मावशींच्या हाताखाली देतो. यावरून माझे दोन जुने सहकारी दुरावले. आपल्या बापजाद्यांकडून पिढ्यान्‌पिढ्या जे सक्तीने करून घेतले तेच तुम्ही धम्माच्या नावाने पोरांना करायला लावता, असे त्यांनी भर सभेत सुनावले. बाबासाहेब आणि शाहू महाराज ज्या बहिष्कृतांच्या परिषदेला एकत्र आले ती १९२० ची माणगाव परिषद ज्या जिल्ह्यात झाली तिथल्या माणसाला हे शब्द किती लागतात, ते तुला सांगायला नको. त्यांचा राग मी खोटा मानत नाही. पण सक्तीचे काम कोणाच्या वाट्याला यावे हे जन्मावरून ठरत होते, आणि भगवंतांनी नेमका तो क्रमच मोडला. पाणी स्वतः ओतले. माझ्याकडे येणारा मुलगा कोणत्याही घरातला असो, मलमूत्राचे भांडे उचलूनच पुढे जातो. हे मी बदलणार नाही.

तेव्हा लायकीचे रडगाणे आता पुरे. तुला रुग्णाचा आजार, त्याचे पथ्य, डबा कोण आणते, यातले काही माहीत होते का? पत्रात तरी त्याचा एक शब्द नाही. पुन्हा त्यांच्याकडे जा. चादर ओली आहे का पाहा, पाणी हवे का विचार, आणि ते बोलले तर ऐक. बाहेर आल्यावर दोघांचे बोलणे जसेच्या तसे वहीत उतरव. आपले वाक्य सुधारून लिहू नकोस.

मंगळवारी सकाळी सातला वही घेऊन ये. नखे कापलेली असू देत.

तुझा,
एक जुना बौद्धाचार्य
कोल्हापूर