वाचकांचे प्रश्न: मोटरहोममधून न्यूझीलंड

या वेळी बरेचसे प्रश्न मोटरहोमबद्दल, म्हणजे आत बेड, स्वयंपाकाची सोय आणि टॉयलेट असलेल्या गाडीबद्दल आलेत आणि त्यातले बहुतेक न्यूझीलंडचेच, म्हणून सगळे एकत्र घेतेय.

प्रश्न: आम्ही सहा जण. मी, नवरा, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं, सासू-सासरे. फेब्रुवारीत बारा दिवस. नवऱ्याचा प्लॅन असा: क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, वानाका, वेस्ट कोस्टचे ग्लेशियर, आर्थर्स पास आणि जमलं तर फेरीने वेलिंग्टन, पुढे ऑकलंड. मी म्हणतेय हे फार होतंय, तो म्हणतो हॉटेलचं चेक-इन चेक-आउट वाचतंय ना, मग रोज चार तास ड्रायव्हिंग काय जड आहे. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही. आणि नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या.

मॅप जो वेळ दाखवतो तो कारचा असतो. सहा जणांची मोटरहोम बहुतेक वेळा साडेतीन टनांच्या वरची निघते आणि तसल्या गाडीला तिथे ताशी ९० ची मर्यादा आहे, कारला १००. बरं ९० सुद्धा सरळ रस्त्यावर, घाटात विसराच. मागे गाड्यांची रांग लागली की जागा बघून डावीकडे घेऊन त्यांना पुढे सोडायचं, तिथले लोक याबाबतीत फार काटेकोर आहेत. वर दर दोन तासांनी कोणाला तरी उतरायचंच असतं. म्हणजे मॅपवरचे चार तास हे साडेपाच धरा.

आणि चेक-आउट वाचत नाही हो, ते रोज स्वतः करावं लागतं. वायर काढा, पाण्याचा पाइप गुंडाळा, गॅस बंद करा, छतावरची खिडकी लावा, कपाटांची लॅच बघा, बेड मोडून परत टेबल करा. हे सगळं झाल्यावर पहिल्या वळणावर एक ड्रॉवर धाडकन उघडतोच.

नॉर्थ आयलंड पूर्ण काढून टाका. पिक्टन ते वेलिंग्टन फेरीला साधारण साडेतीन तास लागतात, तिकीट गाडीच्या लांबीवर, म्हणजे तुमचं महागच पडणार, शिवाय पिक्टनपर्यंत जाणं आणि लवकर जाऊन लाइनीत थांबणं वेगळं. बारा दिवसांत साउथ आयलंडच पुरून उरतं. माझं विचाराल तर मिलफर्ड आणि वेस्ट कोस्ट यातलंही एकच निवडा आणि वाचलेल्या रात्री टेकापो, वानाका आणि टे आनाऊ (मिलफर्डच्या वाटेवरचं गाव) अशा ठिकाणी दोन-दोन करून टाका. टेकापोला तर रात्रीच्या आकाशासाठीच थांबायचं, तो सगळा भाग २०१२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह आहे, ढग नसतील तर सासरेबुवा आत यायचं नाव घेणार नाहीत.

मिलफर्ड घेतलंत तर क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन-येऊन अजिबात करू नका. एका बाजूला जवळजवळ २९० किलोमीटर होतात, टूर बसवाले करतात पण ती बस चालवणारा दुसरा असतो आणि तुम्ही मागे झोपलेले असता. टे आनाऊला मुक्काम करा, इंधनाची टाकी तिथेच फुल करा आणि सकाळी लवकर निघा. वाटेत होमर टनेल लागतो, १.२ किलोमीटरचा, डोंगर फोडून काढलेला, आत चांगलाच उतार आहे आणि भिंती ओबडधोबड. सीझनमध्ये दिवसा सिग्नलवर आळीपाळीने एकेका बाजूच्या गाड्या सोडतात. त्या सिग्नलला थांबलात की बहुधा किआ येतील, हिरवे धिप्पाड डोंगरी पोपट. दिसायला गोड, पण गाडीच्या छतावर बसून खिडकीचं रबर चोचीने ओढून काढतात, आणि ते रबर भाड्याच्या गाडीचं आहे हे लक्षात असू द्या. खायला मात्र काही देऊ नका, त्यांच्या जिवावर बेततं.

गाडी बुक करताना सिक्स बर्थ एवढं ऐकून पैसे भरू नका. बर्थ म्हणजे झोपायची जागा. चालत्या गाडीत सहाही जणांना बेल्टची सीट लागते आणि सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट कायद्यानेच सक्तीची आहे. ती चाइल्ड सीट त्या गाडीत नेमकी कुठे बसते हे लेखी विचारून घ्या, कारण प्रत्येक सीटवर ती अडकवायची सोय नसते. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड मुलांना द्या, शिडी चढून जावं लागतं, सासूबाईंना तिथे नको.

प्रश्न: न्यूझीलंडमध्ये फ्रीडम कॅम्पिंग असतं, म्हणजे कुठेही गाडी लावून फुकट झोपता येतं हे खरं का?

उत्तर: कुठेही नाही. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि आता बहुतेक ठिकाणी सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे स्वतःचं टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी असल्याचं सर्टिफिकेट असलेली गाडी लागते, ज्यात टॉयलेट गाडीला फिक्स बसवलेलं हवं, सुटं पोर्टेबल चालत नाही. नव्या सर्टिफिकेटचं स्टिकर हिरवं असतं, गाडी ताब्यात घेताना काचेवर बघून घ्या. एवढं असूनही प्रत्येक कौन्सिलचे आपापले नियम आहेत, एका तळ्याकाठी चालतं तर पुढच्याच तळ्यावर पाटी असते, आणि सकाळी काचेवर चिठ्ठी मिळाली तर दंड शेकड्यांत, डॉलरमध्ये. गाडी कुठे लावता येते ते दाखवणारं कॅम्परमेट अॅप फोनवर टाकून ठेवा.

मधला मार्ग म्हणजे डीओसीच्या, म्हणजे तिथल्या निसर्ग संवर्धन खात्याच्या, कॅम्पसाइट. स्वस्त आणि जागा एकेक अशा की बस. माउंट कुकची व्हाइट हॉर्स हिल तर थेट डोंगरांच्या पायथ्याशी आहे, हूकर व्हॅलीची पायवाट तिथूनच सुरू होते. पण वीज नाही. म्हणून दोन रात्री अशा काढायच्या आणि तिसरी हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे सगळ्या सोयींच्या पैसे देऊन राहायच्या कॅम्पमध्ये, तिथे चार्जिंग, कपडे, गरम पाण्याची मोकळी अंघोळ सगळं उरकायचं. ख्रिसमस ते जानेवारीअखेर तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा पार्क आधीच बुक करा.

प्रश्न: टॉयलेटचं काय करतात? स्पष्ट सांगा, घरात यावरूनच गाडं अडलंय.

उत्तर: स्पष्टच सांगते. आधी आतून टॉयलेटखालची झडप बंद करायची, नाहीतर डबा बाहेर येतच नाही. मग गाडीच्या बाहेरच्या बाजूने एक छोटं दार उघडतं, त्यातून कॅसेट म्हणतात तो डबा ओढून काढायचा. डंप स्टेशनवर, म्हणजे असे डबे रिकामे करायच्या ठरलेल्या जागी न्यायचा, तोटी फिरवून बाहेर काढायची, झाकण काढायचं आणि ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. हे बटण महत्त्वाचं, ते दाबलं नाही तर गुडगुड होऊन अंगावर उडतं. मग खळबळून घ्यायचा, थोडं पाणी आणि केमिकल टाकून परत आत. हातमोजे वापरा. सिंक आणि शॉवरचं पाणी वेगळ्या टाकीत जमतं, ते पाइपने सोडायचं. आणि डंपच्या शेजारी धुण्यासाठी जो नळ असतो त्यावर पिण्याची टाकी कधीही भरायची नाही, त्याचा नळ वेगळा असतो आणि तशी पाटीही असते. एक दिवसाआड केलं तर पाच-सात मिनिटांचं काम आहे, तीन दिवस तुंबवलंत की मग भांडणं.

प्रश्न: एवढ्या मोठ्या गाडीला वेगळं लायसन्स लागतं का?

उत्तर: सहा टनांपर्यंत साधं कारचं चालतं. ते इंग्रजीत हवं, नसेल तर मान्य भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परमिट सोबत हवं, आणि मूळ कार्ड खिशात. इन्शुरन्सचे कागद मात्र शांतपणे वाचा, छत आणि गाडीचं पोट पुष्कळदा वगळलेलं असतं, म्हणजे झाडाची फांदी घासली तर खर्च तुमचा. काही रस्तेही वगळलेले असतात, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन रोड त्यातला प्रसिद्ध. आणि बरेच पूल एका लेनचे आहेत, वेस्ट कोस्टला तर भरपूर. पाटीवर तुमच्या बाजूचा बाण लाल आणि छोटा दिसला की थांबायचं, समोरच्याला आधी येऊ द्यायचं.

प्रश्न: गाडीत मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर, लॅपटॉप चालेल ना?

उत्तर: पॉवर्ड साइटवर, म्हणजे विजेचं कनेक्शन असलेल्या कॅम्पच्या जागेवर, वायर जोडलेली असेल तर हो. एरवी बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप, फोनचं चार्जिंग आणि बहुतेक गाड्यांत फ्रिज, बस. चहा आणि स्वयंपाक गॅसवर.

प्रश्न: खाण्याचे पदार्थ सोबत नेले तर चालतात का?

उत्तर: काय आणलंय ते सगळं न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशनमध्ये, म्हणजे देशात शिरताना भरायच्या फॉर्ममध्ये, जाहीर करा, अगदी अर्धा खाल्लेला पुडाही. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील, लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये विसरतं आणि तेच नेमकं पकडलं जातं. ट्रेकिंगचे बूटही लिहायचे असतात, तळव्याला माती असेल तर निघण्याआधी ब्रशने घासून घ्या.