विहिरीचे गोडे पाणी, खाऱ्या पाण्याची टाकी

प्रश्न: आमचे घर डिचोली तालुक्यात आहे. विहिरीचे पाणी आम्ही न गाळता पितो, टीडीएस (पाण्यात विरघळलेले घटक मोजणाऱ्या) मीटरवर ते ६० येते. १०० लिटरच्या टाकीत क्लाउनफिश, कोळंबी आणि पुढे प्रवाळ ठेवायचे आहेत. या पाण्यात थेट सागरी मीठ मिसळावे का? की स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी घ्यावे?

उत्तर: थेट नको. जांभ्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी हलकेच असते, म्हणून ६० हा आकडा बरा वाटतो. पण किती विरघळले आहे एवढेच मीटर सांगतो, काय विरघळले आहे ते नाही. समजा, त्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे, त्यामुळे तुम्हाला काही होत नाही. टाकीतून मात्र रोज साधारण २ लिटर पाणी उडते आणि उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. ती तूट विहिरीच्या पाण्याने भरली, तर महिन्याला ६० लिटरमधून ६०० मिलिग्रॅम नायट्रेट आत जाते, म्हणजे लिटरमागे ६ ची भर. फॉस्फेट आणि सिलिकाही असेच साठतात. काचेवरचा तपकिरी थर सिलिकावर पोसलेल्या डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो.

खरी भीती तांब्याची. आपल्याकडचे किंचित आम्लधर्मी पाणी पितळी व्हॉल्व्ह आणि नळांमधून तांबे उतरवते. मासे तग धरतात, कोळंबी मरते. घरच्या आरओत पाण्यात तांबे घालणारे ‘कॉपर’ कार्ट्रिज असेल, तर ते पाणी टाकीजवळही नेऊ नका. टीडीएस कंट्रोलर कच्चे पाणी परत मिसळतो, मिनरल कार्ट्रिज क्षार घालते. म्हणून मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या मुख्य गाळणपडद्यातून, शुद्ध पाणी निघते तिथेच वेगळी नळी काढा आणि तिला डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या मण्यांचे, कार्ट्रिज जोडा.

त्याआधी विहिरीचे पाणी ड्रममध्ये भरून एअर पंपाने २४ तास खेळते ठेवा. भूजलात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. मेम्ब्रेन तो अडवत नाही आणि रेझिन भराभर संपते. लोह असेल तर तेही या हवेने तांबूस गाळ होऊन तळाशी बसते. मग ५ मायक्रॉनचा गाळफिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन, रेझिन असा क्रम. नवा संच घेतलात तर बूस्टर पंप हवाच: १० मीटर उंचावरची टाकी जेमतेम १४ पीएसआय दाब देते, मेम्ब्रेनला ५० ते ६० लागतो. वाया जाणारे पाणी माडांना सोडा. शेवटी मीटरवर ० यायला हवा, १-२ दिसू लागले की रेझिन बदला.

उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढते. तुरटीने अॅल्युमिनियम येते. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकत असाल, तर कार्बन फिल्टर वेळेवर बदला, क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होते.

मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या साधनावर) घनता १.०२५ आली की थांबा. रोजची तूट बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानेच भरा, खारे घातलेत तर खारटपणा चढतच जाईल.

प्रश्न: मग मिरामारहून समुद्राचेच पाणी आणले तर?

उत्तर: मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे, पावसाळ्यात तिथला खारटपणा फार उतरतो आणि गाळही येतो. तिथून नकोच. उन्हाळ्यात नदीमुखापासून लांब, भरतीच्या वेळी भरलेले पाणी मोजून आणि गाळून वापरता येते.