पोस्टर लावून दूध बदलत नाही

कॅन्टीनमध्ये गायीच्या दुधाच्या उत्सर्जनाचे तक्ते लावले, शेजारी ओट आणि सोया दूध आणून ठेवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तरी महिनाअखेरीस डेअरीच्या दुधाची खरेदी जिथल्या तिथेच. असं का होतं, हा तुमचा प्रश्न. खानपानाच्या खरेदीत बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे आकडे बरोबरच आहेत. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांचा २०१८ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेला अभ्यास ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर उभा आहे. त्यानुसार एक लिटर गायीच्या दुधामागे सरासरी ३.२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. सोया आणि ओट दुधामागे साधारण एक किलो. जमिनीत तर फरक याहून मोठा, जवळपास ९ चौरस मीटर विरुद्ध एकाहून कमी. त्यात गायीच्या रवंथातून, म्हणजे मुख्यतः ढेकरांतून, मिथेन वायू बाहेर पडतो. हवेत तो बारा-एक वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. म्हणून इथली कपात लवकर फळते. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मिथेन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायचं ठरलं ते याचसाठी. बदाम दुधाचं कौतुक मात्र बेतानं करा. त्याचं उत्सर्जन कमी आहे, पण लिटरमागे पाणी ३७१ लिटर लागतं, ओटला ४८. (गायीच्या दुधाला ६२८, हेही सांगून टाका, नाहीतर कुणीतरी अर्धाच आकडा घेऊन भांडायला येईल.)

पण हे सगळं पटलेला माणूससुद्धा सकाळी अर्धवट झोपेत मशीनसमोर उभा राहतो, तेव्हा तो हवामानाचा विचार करत नसतो. हात सवयीनं जातो. तेव्हा तक्ते राहू द्या, बटणं बदला. ‘कॅपुचिनो’ दाबलं की ओट दूध यावं, गायीचं हवं असेल त्यानं ते वेगळं निवडावं. ब्लू बॉटल या कॉफीसाखळीनं २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत हेच केलं. आणि ओट-सोया दुधासाठी जादा दर लावत असाल तर तो आधी काढा. स्टारबक्ससारख्या कंपनीनंही नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडात तो रद्द केला. चांगलं वागणाऱ्याला दंड करायचा आणि वर त्यालाच पोस्टर वाचायला लावायचं, हा प्रकार मला कधीच कळला नाही.

यानंतर खरी परीक्षा कॉफीच्या कपामध्ये होते, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. गरम, आंबटसर कॉफीत साधं सोया दूध ओतलं की त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि वर पांढरे कण तरंगायला लागतात. ज्याचा पहिलाच कप असा फाटला, तो पुन्हा त्या खोक्याला हात लावत नाही; शेजारच्या चौघांनाही सांगतो. उपाय सोपे आहेत. कॉफी जास्त भाजलेल्या बियांची घ्या, तिचा आंबटपणा कमी असतो. दूध कोमट करून आधी कपात घाला आणि कॉफी वरून हळू सोडा. किंवा सरळ कॉफीसाठीच बनवलेला ‘बरिस्ता’ प्रकार मागवा, त्यात आम्लता आवरणारे फॉस्फेट क्षार आणि फेसासाठी थोडं जास्त तेल असतं. खोकं दरवेळी हलवून घ्यायला लावा. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर ते खोक्यातच राहतं आणि पहिल्या माणसाला पाणचट दूध मिळतं.

पोषणाचं विचारतीलच. प्रथिनांत सोया दूध गायीच्या जवळपास जातं. ओटमध्ये १०० मिलीला एक ग्रॅमच्या आसपास, बदामात त्याहून कमी. कॉफीतल्या चमचाभर दुधात यानं काही बिघडत नाही. लहान मुलांचा प्रश्न वेगळा. वर्षाखालच्या बाळाला आईच्या किंवा फॉर्म्युला दुधाऐवजी यातलं काहीच द्यायचं नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं ते. अमेरिकेत माणशी दूध पिणं गेली कित्येक दशकं घसरतंय, तरी एकूण दुग्धपदार्थांचा माणशी खप वाढलाय, कारण चीज वाढलं. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध जातं. कॉफीतलं दूध बदललं आणि सँडविचमधलं चीज दुप्पट झालं तर गोठ्यातली एकही गाय कमी होत नाही. न प्यायलेलं दूध लोणी, भुकटी होऊन दुसरीकडे विकलं जातं. म्हणून चीज, लोणी, क्रीम यांचा हिशेब दुधाबरोबरच धरा. माझ्या मते तुमच्या कॅन्टीनमध्ये कपापेक्षा जास्त बचत तिथेच निघेल.

आणि यश मोजताना ओट दूध किती खपलं ते बघू नका. नव्याची नवलाई म्हणून लोक ते जादाचं पितात आणि नेहमीचंही चालू ठेवतात. डेअरीवाल्याचं बिल काढा, सगळे पदार्थ दुधाच्या लिटरमध्ये बदला आणि तोच एक आकडा दर महिन्याला बघा. तो हलला नाही तर पहिल्यांदा मशीनवरचं बटण कुणी पूर्ववत केलंय का ते तपासा. बहुतेक वेळा केलेलं असतं.