आई कायम पेंगतच असते, विचारायचं कसं?

अगं, तुझं पत्र वाचलं. आईला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, घरी सांभाळणं हाताबाहेर गेलं म्हणून नर्सिंग होममध्ये ठेवलंस, तिथला इन्स्पेक्शन रिपोर्ट चांगला, जागा चकाचक, पण तू कधीही जा आई खुर्चीत पेंगत असते, मनगटं बारीक झालीत, आणि काही बोललं तर राग तिच्यावर काढतील ही धास्ती.

तुला खटकतंय ते बरोबरच आहे. रिपोर्ट खोटा असेल असं नाही गं, पण तो त्या एका दिवसाचा असतो, आणि त्यात तुझी आई कुठे असते? तिची तपासणी तूच कर. मोजे काढून टाचा बघ, कपडे बदलताना थांबून माकडहाडापाशी बघ, लाल डाग असेल तर बोटाने दाबून बघ, दाबूनही फिका पडत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात असू शकते, म्हणजे कदाचित तिची कूस वेळेवर बदलली जात नाहीये. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथे हात लावून बघ, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का.

वजनाची नोंद माग. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के उतरलं असेल तर वयामुळे होतं हे उत्तर ऐकून घेऊ नकोस. ओठ-जीभ कोरडी आहे का बघ, कारण पाणी समोर ठेवलं म्हणजे ती प्यायली असं नसतं, आणि पाणी कमी पडलं किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं की गोंधळ एकदम वाढतो आणि सगळे म्हणतात आजार वाढला.

आता पेंगणं, मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटतेय. औषधांचा चार्ट माग आणि त्यात अँटिसायकोटिक, म्हणजे भास किंवा आक्रमकपणा शांत करायला देतात ते औषध आहे का विचार, त्याने गुंगी येऊ शकते. डिमेन्शिया असलेल्या वयस्कर माणसांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 2005 मध्येच तसा इशारा दिलाय. कधीकधी ती खरंच लागतात, म्हणून मनानेच बंद करायला लावू नकोस, पण कोणी सुरू केलं, कशासाठी, परत कधी बघणार हे डॉक्टरांकडून लेखी घे.

आणि भेटायची वेळ बदल. न कळवता संध्याकाळच्या जेवणाला जा, डिमेन्शियाची माणसं बऱ्याचदा तेव्हाच जास्त अस्वस्थ होतात, तेव्हाच स्टाफची खरी कसोटी असते. घास भरवणारी बाई शेजारी बसून भरवते का उभ्याउभ्या तोंडात कोंबते, एवढं बघितलंस तरी खूप कळेल.

राग काढतील म्हणतेस, पण ज्या पेशंटकडे घरचं माणूस सारखं येतं आणि नीट प्रश्न विचारतं तिच्याकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं. आधी रोज तिचं करणाऱ्या बाईशी प्रेमाने बोल, तिला सगळं माहीत असतं, मग मॅनेजरला लेखी विचार आणि एक कॉपी जवळ ठेव. दंडावर पकडल्याचे वळ दिसले किंवा खुर्चीला बांधलेली दिसली तर मात्र थांबू नकोस, त्याच दिवशी फोटो काढ, डॉक्टरांना दाखव आणि ज्यांनी त्यांना लायसन्स दिलंय तिथे तक्रार कर.