कॅरम क्लबच्या एकाच हंगामात लीग सामने आणि सभासदांची स्पर्धा दोन्ही कसे बसवावेत?

चोवीस सभासद, चार बोर्ड, आजूबाजूच्या पाच क्लबांबरोबर लीग आणि शिवाय घरची स्पर्धा, हे सगळं एका वर्षात बसतं का, असं तुम्ही विचारलंय. बसतं. आमच्या लातूरच्या क्लबात बरीच वर्षं बसवतोय. फक्त वेळापत्रक कुणाच्या हातात देताय ते आधी बघा. हंगामाचं वाटोळं खेळाडू करत नाहीत, वेळापत्रकवाले करतात.

हिशोब पटकन उरकतो. सहा क्लबांची साखळी म्हणजे १५ लढती, तुमच्या वाट्याला पाच. घरी एकदा, त्यांच्याकडं एकदा असं केलंत तर दहा रविवार जातात आणि पाचव्या रविवारनंतर संघ जमवायला घरोघर फिरावं लागतं. एकदाच खेळा. घरच्या स्पर्धेत २४ जणांची पूर्ण साखळी म्हणजे २७६ लढती, विषयच सोडा. निव्वळ बाद पद्धतीत २३ मध्ये आटोपतं, पण पहिल्या रात्री हरलेला पुढच्या वर्षी वर्गणी देत नाही. तीन-तीन जणांचे आठ गट करा, गटातला पहिला पुढं. ३१ लढती होतात आणि पैसे भरलेल्या प्रत्येकाला निदान दोनदा बोर्डावर बसायला मिळतं. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा (बोर्ड म्हणजे इथं एक डाव), क्वीनचे तीन. तुमच्यातही २९ चा गेम आणि क्वीनला पाच धरणारे काका असतीलच. त्यांना खेळू द्या, गुण लिहायला बसवू नका.

मुलींसाठी वेगळे 'मनोरंजनपर सामने' तर अजिबात ठेवू नका, सरळ गटात घाला. चेन्नईची काझिमा २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विश्वचषकातून तीन सुवर्णपदकं घेऊन आली, आणि आपल्याकडं अजून बक्षीस म्हणून स्टीलचा डबा देतात.

हंगाम दिवाळी ते होळी. पावसाळ्यात बोर्ड दमट होऊन जड पडतात. उन्हाळ्यात पंखा लावला की पावडर उडते, बंद केला की घामानं बोट स्ट्रायकरला चिकटतं. शिवाय लग्नसराई. हिवाळ्यातही जानेवारी उजाडला की आमची बारावीची पोरं क्लासमध्ये गडप होतात, लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच. म्हणून घरची स्पर्धा डिसेंबरच्या आत संपवा.

आणि लीगची तारीख टाकताना पंचांग बघा. हे मी का सांगतोय ते ऐका.

आमच्या लीगचे सचिव गोदावरीपलीकडचे. हिशोबाला चोख माणूस, पण सुटी दिसली की तिथं सामना टाकायची खोड. एका वर्षी आमची परभणीकरांशी लढत त्यांनी येळवसेला टाकली, आमच्याच हॉलवर. का, तर त्या दिवशी लातूरला कलेक्टरनं स्थानिक सुटी दिलेली. सुटी कशाची, हे विचारावंसं वाटलं नाही त्यांना.

वेळ अमावस्या म्हणजे आमची येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहरात चिटपाखरू नसतं. बाजार बंद, रिक्षा नाही, झाडून सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पांडव म्हणून पुजलेले चुना लावलेले दगड, खायला ताकातली आंबील, उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आणि भज्जी. ज्याला स्वतःचं रान नाही त्याला चार ठिकाणचं आवतण असतं.

वेळापत्रक आलं त्याच रात्री आमच्या कर्णधारानं ग्रुपवर लिहिलं होतं की येळवसेला जमणार नाही, पुढचा रविवार द्या, हवं तर परभणीला येऊन खेळतो, खर्च आमचा. सचिवांचा अंगठा आला. झालं काम असं आम्ही धरलं. परभणीकर नवी तारीख कळायची वाट बघत राहिले. ती आलीच नाही, म्हणून ते बिचारे जुन्या तारखेला निघाले.

येळवसेला अकराच्या सुमारास मी कोपीपुढं, कोपरापर्यंत हात आंबिलीत, आणि फोन. "दादा, तुमच्या हॉलसमोर उभे आहोत. कुलूप आहे. वॉचमन नाही. चहाची टपरीसुद्धा उघडी नाही ओ तुमच्या गावात!" पाच जण, पहाटे क्रूझर करून निघालेले. त्यांनी सचिवांना फोन लावला तर उत्तर आलं, अर्धा तास थांबा आणि कुलपाचा फोटो पाठवा.

फोटो पाठवला त्यांनी. मग मी मोटारसायकल काढून रस्त्यावर गेलो आणि क्रूझर मागं घेऊन रानात आलो. आई म्हणाली, "येळवसेला आलेलं माणूस जेवल्याबिगर जात नसतंय." भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पातीचा कांदा, चिंच, बेसन, सगळं एकाच पातेल्यात. त्यांच्यातल्या एका पोरानं ती पहिल्यांदाच खाल्ली आणि तीनदा मागून घेतली. जेवणं झाली, मंडळी बोरीखाली आडवी झाली, आणि ग्रुपवर निकाल आला: लातूर गैरहजर, परभणीला पुढे चाल, ३-०. विजयी संघ आमच्याच सतरंजीवर घोरत होता.

त्यांचा कर्णधार सज्जन. तिथूनच सचिवांना म्हणाला, आम्हाला हे गुण नकोत, पुढच्या रविवारी खेळतो. उत्तर काय, तर "नियम म्हणजे नियम. आज तुमच्यासाठी बदलला तर उद्या सगळ्यांसाठी बदलावा लागेल."

मग बदला ना! दोन्ही कर्णधार राजी असताना तिसऱ्याच्या पोटात का दुखावं? पुढे चाल हा नियम दांडीबहाद्दरांसाठी आहे. तारीख बदलून मागणाऱ्याला तो लावला की लीग खेळायची गरजच उरत नाही, कागदावरच विजेता काढा. आमचं विजेतेपद त्या वर्षी एका गुणानं गेलं. वार्षिक सभेत विषय काढला तर सचिव म्हणाले, अंगठा म्हणजे 'वाचलं', 'मान्य' नव्हे. सभेतले निम्मे लोक हसले. निम्म्यांना अजून कळलेलं नाही की हसण्यासारखं काही नव्हतं.

तर तुम्ही काय करा, वेळापत्रक बसवायच्या आधी प्रत्येक क्लबाकडून नको असलेल्या तारखा लेखी घ्या. येळवस कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. २०२४ मध्ये तर दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. त्याच सुमाराला माळेगावची यात्रा असते, म्हणजे लोहा-नांदेडकडचा क्लब असेल तर त्यांचेही ते दिवस गेले. आणि नियमावलीत एक ओळ घालाच: दोन्ही कर्णधारांचं एकमत झालं तर सामना पंधरा दिवसांत कधीही खेळता येईल, सचिवांना फक्त कळवायचं. एकमत सामन्याच्या दिवशी झालं तरी चालेल. बोरीखाली झालं तरी चालेल.

ह्याचा गैरफायदा घेणारेही भेटतील, आपला हुकमी खेळाडू आजारी पडला की तारीख ढकलणारे. त्यासाठी हंगामात एका संघाला एकदाच सवलत द्या. आणि हे सगळं आपापसातल्या लीगपुरतं. कॅरम संघटनेच्या मानांकन स्पर्धेला जाल तिथं नाव पुकारल्यावर बोर्डावर नसलात तर घरी जायचं, येळवस असो की दिवाळी.

चार बोर्डांचं विचारलं होतंत ते राहिलंच. पुरतात. रात्री दोन पाळ्या लावल्या तर ३१ लढती आठवड्यात संपतात. खिशांच्या जाळ्या तेवढ्या हंगामाआधी बदलून घ्या.