बसून गोळाफेक: आसन उंच करण्याआधी दांडा तपासा

आसन ६५ वरून ७५ सेंमी केलं आणि गोळा सुटण्याचा कोन ३५ वरून ४० अंशांवर नेला, तर एफ-५७ (बसून फेकणाऱ्या दिव्यांग खेळाडूंचा एक गट) मधल्या मुलाची फेक साडेनऊ मीटरच्या पुढे जाईल का, हा तुमचा प्रश्न. जाईल, जेमतेम वीतभर. गोळा ९ मी./से. वेगाने, १.६ मी. उंचीवरून सुटतो असं धरलं तर १० सेंमी उंचीचे सुमारे ९ सेंमी मिळतात आणि कोनाचे १२. वेग ९ वरून ९.५ झाला तर मात्र ९० सेंमीच्या वर मिळतात. त्यात कोन चढवला की गोळा जास्त वर उचलावा लागतो आणि वेग थोडा पडतोच. म्हणजे ती वीतही पुरती हाती येत नाही.

आधी वेग मोजा. मोबाइल स्टँडवर, फेकीच्या रेषेला काटकोनात, ८-१० मीटरवर, खांद्याच्या उंचीला. वाइड लेन्स नको. गोळा जिथून जातो त्याच रेषेत १ मीटरची पट्टी उभी धरून एकदा चित्रित करा. सेकंदाला २४० फ्रेमवर घेतलेली क्लिप किनोव्हियात (व्हिडिओवरून वेग-अंतर मोजायचं सॉफ्टवेअर) टाकताना मूळ फ्रेमदर सांगायला विसरलात, तर वेग ९ ऐवजी १.१ दिसेल, बहुतेकांची गाडी इथेच अडते. फोन खरोखर २४० फ्रेम घेतो का, याची सोपी परीक्षा: १.२५ मीटरवरून गोळा सोडा, जमिनीला टेकेपर्यंत साधारण १२१ फ्रेम भरल्या पाहिजेत. सुटल्यानंतरच्या १० फ्रेमचं अंतर घ्या. एकाच फ्रेममध्ये गोळा पावणेचार सेंमीच सरकतो, तेवढ्यावर वेग काढला तर खूण जरा चुकली तरी आकडा बिघडतो.

आता बसायची फ्रेम, म्हणजे आसनाची चौकट आणि हाताने धरायचा उभा दांडा. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये करून घेतलीत हे उत्तम, पण तिथे नुसतं ‘जाड पाइप टाका’ म्हणू नका. बाहेरचा व्यास आणि पाइपची जाडी मिमीत लिहून द्या. ३२ मिमी बाहेरचा, २ मिमी जाडीचा पाइप, पकड वेल्डपासून ८० सेंमी वर, आणि ६० किलोची ओढ: दांडा जवळजवळ अडीच सेंमी वाकतो. डावा हात ज्याला धरून छाती पुढे आणतो तोच मागे-पुढे झाला, तर जोर गोळ्याऐवजी पाइपात जिरतो. त्याच जाडीचा ४० मिमी पाइप घेतला की वाक निम्मा होतो. दांडा तळाला आणि आसनाच्या चौकटीला, असा दोन्हीकडे वेल्ड करा. मोकळी लांबी ८० वरून ६० झाली की वाक निम्म्याहूनही खाली येतो. नियमाने दांडा एकसंध आणि सरळ हवा, सांधा चालत नाही.

गादी पातळ आणि कडक ठेवा. मऊ फोममध्ये बूड रुततं, शिवाय आसनाच्या ७५ सेंमी उंचीत गादीही मोजतात. मांड्यांवरचे पट्टे न ताणणारे हवेत. सैल राहिले तर जोरात बूड उचलतं आणि फेक बाद होते.

दांड्याच्या टोकाला आणि फ्रेमच्या पायाला रंगीत टेप लावून त्याच क्लिपमध्ये पाहा. पायाची टेप हलली तर दोष जमिनीला बांधण्यात आहे, फक्त वरची हलली तर दांड्यात. दोन्ही जागच्या जागी राहिल्या, तरच आसनाच्या उंचीला हात घाला.